अरेस्टर होता, तरी स्टार्टर गेला

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सॉफ्ट स्टार्टर आणि व्होल्टेज स्पाइक’. म्हणजे मोटार हळूहळू वेगात आणणारा स्टार्टर, आणि क्षणभराची व्होल्टेजची उसळी. समोर भोसरी, चाकण, पिरंगुटचे चेहरे दिसतायत, म्हणजे मोटार सुरू करायची स्टार-डेल्टाची जुनी पद्धत सोडून आपण इकडे का वळलो हे सांगायला नको. मोटार सुरू होतानाचा सहा-सात पट करंट तीन-चार पटींवर येतो, बेल्ट वाचतात, कपलिंग वाचतं. पण त्या बदल्यात कॉन्टॅक्टर, म्हणजे धातूच्या संपर्कांचा मोठा स्विच, त्याच्या जागी आपण सिलिकॉनचा स्विच, म्हणजे एससीआर, बसवतो. कॉन्टॅक्टर एखादा फटका खाऊनही दुसऱ्या दिवशी कामावर हजर असतो. एससीआर एकाच फटक्यात शॉर्ट होतो, आणि तो कायमचा.

भोसरीतल्या एका कारखान्याची गोष्ट सांगतो. शंभर एचपीचा कॉम्प्रेसर, त्यावर सॉफ्ट स्टार्टर. पॅनेल आमच्याच वर्कशॉपमधलं. मे महिन्यात वळीव झाला, रात्रभर विजा कडाडल्या, आणि सकाळी फोन. ‘साहेब, स्टार्टचं बटण दाबलंच नाही, तरी मोटार गुरगुरतेय.’ जाऊन बघतो तर दोन फेजमधले एससीआर शॉर्ट. अशा वेळी मोटार फिरत नाही, जागच्या जागी गुरगुरते आणि तापत राहते. वास तर तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

नवा स्टार्टर बसवला. तीन आठवड्यांनी पुन्हा पाऊस, पुन्हा तेच. सगळ्यांचं बोट बाहेरच्या लाइनकडे. ‘वरून व्होल्टेज आलं’ हे वाक्य आपल्याकडे इतकं चालतं की त्यापुढे कुणी चौकशीच करत नाही. मला त्याचाच राग आहे. वरून आलं, कबूल. पण ते अडवायलाच अरेस्टर, म्हणजे जादा व्होल्टेज अर्थकडे वळवणारा रक्षक, लावला होता ना? त्याची तब्येत दाखवणारी खिडकी हिरवीगार होती. म्हणजे तो जिवंत होता, आणि तरी स्टार्टर गेला.

मी पॅनेलसमोर स्टूल टाकून बसलो. वायरिंग बघत राहावं असं. वायरच्या टोकांवरचे फेरूल एका ओळीत, प्रत्येक वायर काटकोनात वळवून डक्टमध्ये दडवलेली. अरेस्टर वर डाव्या कोपऱ्यात. त्याची हिरवी वायर डक्टमधून खाली, मग तळाने आडवी, उजव्या टोकाच्या अर्थ बसबारपर्यंत, म्हणजे अर्थच्या पट्टीपर्यंत. शिवाय पुढेमागे लागेल म्हणून थोडी जास्तीची वायर गुंडाळून टायने बांधलेली. मोजायची टेप लावली. फेजकडून अरेस्टरपर्यंतची वायर धरून अडीच मीटर.

आता हिशोब करा. सरळ वायरच्या एका मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला होणारा विरोध, असतो. 50 हर्ट्झला तो जाणवतही नाही. पण विजेचा झटका मायक्रोसेकंदांत चढतो. करंट मायक्रोसेकंदाला 1000 अँपिअरने चढला, तर त्या एका मीटरवर 1000 व्होल्ट उभे राहतात. अडीच मीटरवर 2500. अरेस्टर बिचारा आपल्या परीने 1500 ला धरून ठेवतो, पण पुढच्या स्टार्टरला दिसते ती बेरीज, 4000. आणि आपला एससीआर 1600 व्होल्ट सोसणारा. मल्टिमीटरला यातलं काहीच दिसत नाही, तो बापडा लाइनचे नेहमीचे 415 दाखवत राहतो.

आमच्या वायरमनला बोलावलं. तीस वर्षांचा हात, त्याच्या पॅनेलचे फोटो लोक काढून नेतात. तो म्हणाला, ‘साहेब, मग वायर काय अशी उघडी, तिरकी टाकायची?’ मी म्हटलं, तिरकीच टाकायची. अरेस्टरच्या पायाशी दुसरी अर्थ पट्टी बसवली, स्टार्टरची अर्थही तिथूनच घेतली, फेज आणि अर्थ मिळून वायर अर्ध्या मीटरच्या आत आणली. दिसायला ओबडधोबड. पण पुढचे दोन्ही पावसाळे तो स्टार्टर तसाच चालला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य विषय तर अजून पुढेच आहे, तेव्हा भराभर सांगतो. अरेस्टर पॅनेलच्या तोंडाशी असतो, पण एससीआरजवळचा पहारा वेगळा लागतो. प्रत्येक फेजच्या एससीआरच्या जोडीवर एमओव्ही, म्हणजे व्होल्टेज वाढलं की वाट मोकळी करून देणारी चकती, आणि रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर. एमओव्ही व्होल्टेजची उंची कापतो, स्नबर त्याची चढण सौम्य करतो. चढण फार तीव्र असेल तर गेटला, म्हणजे चालू करायच्या टोकाला, पल्स न देताही एससीआर आपोआप चालू होतो, म्हणून दोन्ही हवेत. एमओव्ही प्रत्येक फटक्याला थोडा थोडा झिजतो. पावसाळा संपला की दार उघडून बघा, तडकलेला, काळवंडलेला असेल तर बदला. फास्ट फ्यूज करंटसाठी असतो, स्पाइकला तो अडवत नाही.

स्पाइक आभाळातूनच येतो असंही नाही. एपीएफसी पॅनेलचा, म्हणजे पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या पॅनेलचा, कपॅसिटर लाइनवर येताना 415 च्या लाइनचं 587 व्होल्टचं शिखर जवळजवळ दुप्पट होऊ शकतं, आणि हे दिवसातून कितीतरी वेळा. कपॅसिटर स्टार्टर आणि मोटार यांच्यामध्ये कधीही लावू नका. स्टार्टरच्या आधी लाइन कॉन्टॅक्टर घाला. मोटार बंद तर कॉन्टॅक्टर उघडा, मग रात्रभर विजा चमकल्या तरी एससीआर लाइनवर नाही. त्या कारखान्यात तोच नव्हता, पैसे वाचवायला काढून टाकायला लावला होता. आणि मोटार मेगर करताना, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन तिचं इन्सुलेशन तपासताना, तिच्या केबल आधी स्टार्टरपासून सोडा. कितीतरी स्टार्टर पावसाने नाही, मेगरने गेलेत.

ती कापलेली हिरवी वायर मी सोबत आणली आहे, टायसकट. इथे टेबलावर ठेवतो. चहाला जाताना एकदा हातात घेऊन बघा.