थांबवून ठेवलेली अभिक्रिया

[दृश्य : पत्र्याची गुंडाळी उलगडते. सांधा जोडणारे यंत्र. उंच मनोऱ्यात वरखाली फिरणारा पत्रा.]

पडद्यावर दिसणारा हा पत्रा मिनिटाला शंभर मीटरहून अधिक वेगाने उलगडतो आहे. एका टोकाला जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची कोरी गुंडाळी आहे आणि दुसऱ्या टोकाला तोच पत्रा रंगीत होऊन पुन्हा गुंडाळला जातो. मधल्या वाटेत तो धुतला जातो, रंग नीट धरावा म्हणून त्याच्या पृष्ठभागावर रासायनिक प्रक्रिया होते, मग त्यावर प्राइमर चढतो, तो भाजला जातो, त्यानंतर वरचा रंग चढतो आणि तोही भाजला जातो. या सगळ्यात पत्रा कुठेही थांबत नाही. एक गुंडाळी संपत आली की तिच्या शेवटाला पुढच्या गुंडाळीचे टोक जोडले जाते, आणि हा सांधा पुरा होईपर्यंत मनोऱ्यात साठवून ठेवलेला पत्रा पुढच्या यंत्रांना पुरत राहतो.

[दृश्य : रंगाची परात, तिच्यात बुडालेला रूळ, रबरी रूळ आणि पत्रा. जवळून.]

परातीत बुडालेला रूळ रंग उचलतो, तो रबरी आवरणाच्या दुसऱ्या रुळाकडे देतो आणि हा दुसरा रूळ पत्र्याच्या चालीच्या उलट दिशेने फिरत रंग पुसल्यासारखा पत्र्यावर बसवतो. उलट फिरण्यामुळे थर एकसारखा येतो. वाळल्यानंतर वरच्या रंगाची जाडी साधारण २० मायक्रॉन असते आणि त्याखालच्या प्राइमरची त्याच्या पावपट. पुढे हा पत्रा कापला जाईल, दाबला जाईल, त्याला घड्या पडतील, आणि तेव्हा रंग तडकता कामा नये. रंगवलेल्या वस्तू आपण रोज पाहतो. येथे आधी रंग लागतो आणि वस्तू नंतर घडते, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

[दृश्य : ओव्हनचे तोंड. ओला पत्रा आत जातो.]

ओव्हनच्या तोंडाशी पत्रा कशालाच टेकलेला नाही, हे पाहण्यासारखे आहे. ओल्या रंगाला रूळ लागला तर डाग पडेल, म्हणून ओव्हनची संपूर्ण लांबी हा पत्रा झोपाळ्याच्या दोरीसारखा झोळ देऊन अधांतरी पार करतो. त्याला आत मिळणारा वेळ असतो अर्ध्या मिनिटाच्या आसपास. तेवढ्यात द्रावक उडून गेला पाहिजे, पत्र्याचे तापमान सुमारे २२५ ते २४० अंश सेल्सिअसपर्यंत चढले पाहिजे आणि चिकट द्रवाचा चिवट, न विरघळणारा थर झाला पाहिजे. बाहेर पडल्यावर लगेच पाण्याचे फवारे पत्रा थंड करतात. उडालेला द्रावक भट्टीत जाळला जातो आणि त्याची उष्णता बहुतेक ठिकाणी ओव्हनकडे परत वळवली जाते.

[दृश्य : रेणूंचे रेखाटन. पॉलिएस्टरच्या साखळ्या, त्यांच्यामध्ये मेलामाइनचे रेणू.]

ओव्हनच्या आत कॅमेरा जाऊ शकत नाही, म्हणून पुढचे चित्र रेखाटनातून दाखवावे लागते. रंगातील रेझिन म्हणजे पॉलिएस्टरच्या मध्यम लांबीच्या साखळ्या. त्यांच्या टोकांना हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांच्या सोबतीला मेलामाइनपासून बनवलेले रेणू असतात, आणि अशा प्रत्येक रेणूला सहापर्यंत हात असतात. साखळीचे टोक या हाताला जोडले जाते तेव्हा मिथेनॉलचा एक रेणू सुटून उडून जातो. असे असंख्य जोड पडले की सुट्या साखळ्यांचे एकसंध जाळे बनते, आणि हे जाळे पुन्हा वितळवता येत नाही. ही अभिक्रिया अर्ध्या मिनिटात पुरी व्हावी यासाठी उत्प्रेरक म्हणून तीव्र आम्ल लागते. ते सल्फोनिक आम्लांच्या कुळातील असते आणि रेझिनच्या तुलनेत त्याचे प्रमाण एखाद्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. ते नसेल, तर पत्रा ओव्हनमधून अर्धाकच्चा बाहेर पडेल आणि गुंडाळल्यावर थराला थर चिकटून बसेल.

[दृश्य : रंगाची पिंपे, एकावर एक रचलेली.]

खरी अडचण मात्र ओव्हनमध्ये नाही, ती या पिंपांत आहे. रंग तयार होतो एका जागी, वापरला जातो दुसऱ्या जागी, आणि मधले कित्येक आठवडे तो पिंपात पडून असतो, कधी तापलेल्या गोदामात तर कधी वाहतुकीत. रेझिन, मेलामाइन आणि आम्ल हे तिन्ही घटक त्याच पिंपात एकमेकांना खेटून असतात. जे आम्ल अर्ध्या मिनिटात जाळे विणू शकते, ते मोकळे राहिले तर आठवड्यांच्या अवधीत तेच काम हळूहळू पिंपातच करून टाकेल. रंग आधी घट्ट होईल आणि मग त्याची खळ होईल. म्हणून रसायनतज्ज्ञ हे आम्ल अमाइनशी, म्हणजे नायट्रोजनच्या एका अल्कधर्मी संयुगाशी, बांधून त्याचा क्षार करून ठेवतात. या रूपात ते जवळपास निष्क्रिय असते. ओव्हनच्या उष्णतेत अमाइन सुटून द्रावकाबरोबर उडून जाते, आम्ल मोकळे होते आणि तेथून पुढे ते कामाला लागते. उत्प्रेरकाविषयी शाळेपासून आपण एवढेच ऐकत आलो की तो अभिक्रियेचा वेग वाढवतो. उद्योगात त्याच्याकडून नेमक्या क्षणापर्यंत गप्प राहण्याची अपेक्षा असते, आणि या धंद्यातील कसब आहे ते तेथे.

[दृश्य : प्रयोगशाळा. तराजू, सुरीसारख्या पट्टीने ओढलेले रंगाचे नमुने.]

कोणते आम्ल निवडायचे, यालाही बरेच पदर आहेत. पॅरा-टोल्युइन सल्फोनिक आम्ल लहान रेणूचे आणि अतिशय तत्पर असते, परंतु त्याची पाण्याशी मोठी जवळीक असते. काम संपल्यावरही आम्ल थरातच राहते. दमट हवेत ते ओलावा ओढून घेते आणि रंगाला फोड येण्याची शक्यता वाढते. त्याऐवजी डायनोनिलनॅफ्थलीन डायसल्फोनिक आम्ल वापरता येते. त्याच्या लांब, तेलकट शेपट्या पाण्याला दूर ठेवतात. रंगद्रव्येही आपला हिस्सा मागतात. एखादी भुकटी अल्कधर्मी निघाली तर ती आम्लाचा काही भाग परस्पर शमवून टाकते, आणि पांढऱ्या छटेला बेताचा ठरलेला डोस दुसऱ्या छटेला अपुरा पडतो. डोस वाढवणे हा सोपा उपाय वाटतो, पण त्याचे परिणाम या नमुन्यावर स्पष्ट दिसतात. वरची कातडी आधी बांधली गेली, खाली अडकलेल्या द्रावकाने तिला फोडून वाट काढली, आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडली.

[दृश्य : हातात फडके. पत्र्यावर पुढे-मागे घासणे. मग पत्रा वाकवणे.]

जाळे नीट विणले गेले की नाही, हे ठरवण्याची पद्धत मात्र अगदी साधी आहे. मिथाइल इथाइल कीटोन नावाच्या तीव्र द्रावकात फडके भिजवून पत्र्यावर ठरावीक दाबाने पुढे-मागे घासले जाते. रंग शंभर दुहेरी घासण्यांना पुरून उरला, तर क्युअर, म्हणजे जाळे विणून थर पक्का होणे, पुरे झाले असे मानले जाते. तो आधीच पुसला जाऊन प्राइमर किंवा धातू दिसू लागला, तर नाही. दुसरी चाचणी वाकवणीची. पत्र्याची पट्टी स्वतःवरच उलटी दुमडून तिच्या कडेवर भिंगातून तडे शोधले जातात आणि चिकटपट्टी लावून ओढली जाते. या दोन चाचण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. जाळे जितके दाट, तितका रंग द्रावकाला दाद देत नाही, आणि तितकाच तो वाकवताना तडकण्याची भीती वाढते. प्रयोगशाळेत कितीही महागडी उपकरणे असली, तरी रोजच्या उत्पादनाला हिरवा कंदील दाखवताना या फडक्याचा आणि या पट्टीचा शब्द मोठा मानला जातो.

[दृश्य : कागदी पेल्यात दोन द्रवांचे मिश्रण. लाकडी काडी फिरते आहे.]

काही लेपांना मात्र ओव्हन मिळणार नसतो. मोठी यंत्रे, पूल, विमाने यांच्यासाठी पॉलियुरेथेनचे दोन डब्यांतील लेप वापरले जातात, एकात पॉलिऑल आणि दुसऱ्यात आयसोसायनेट. या रसायनाची सुरुवात १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेन येथे ऑटो बायर यांच्या कामातून झाली. दोन्ही डबे एकत्र केले की घड्याळ सुरू होते. डायब्युटिलटिन डायलॉरेट हे टिनचे संयुग येथे दीर्घकाळ उत्प्रेरक म्हणून वापरले गेले, आणि त्याचे प्रमाण टक्क्याच्या शंभराव्या भागात मोजावे लागते. पेल्यातील काडी आता जड फिरते आहे. थोड्या वेळाने ती उचलली की तिच्यासोबत पेलाही उचलला जाईल. हे टाळण्यासाठीची युक्ती मला या सगळ्या विषयातील सर्वांत देखणी वाटते. मिश्रणात असिटिलअसिटोन मिसळले जाते. ते धातूच्या अणूला धरून बसते आणि डब्यात असेपर्यंत उत्प्रेरकाला मोकळे होऊ देत नाही. लेप पातळ पसरला की ते हवेत उडून जाते, आणि धातू मोकळा होतो. म्हणजे डब्यात अभिक्रिया रेंगाळते आणि भिंतीवर ती धावते.

[दृश्य : चिकट लेबलांचा रोल. लेबल सोलले जाते, मागचा गुळगुळीत कागद राहतो.]

लेबलामागचा हा कागद आपण न पाहता टाकून देतो. त्यावर सिलिकोनचा थर असतो, चौरस मीटरला सुमारे एक ग्रॅम, आणि तो थर पक्का होण्यासाठी वापरलेला धातू आहे प्लॅटिनम. डाऊ कॉर्निंगच्या जॉन स्पायर यांनी १९५७ साली क्लोरोप्लॅटिनिक आम्ल या कामासाठी किती प्रभावी आहे हे दाखवले. जनरल इलेक्ट्रिकच्या ब्रूस कार्स्टेड यांच्या १९७३ च्या पेटंटमधील संयुग आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. सिलिकोनच्या दहा लाख भागांत शंभर भाग प्लॅटिनम धरले, तर एक ग्रॅम धातू दहा हजार चौरस मीटर कागदाला पुरतो. इतके विरळ पसरलेले प्लॅटिनम पुन्हा गोळा करणे परवडत नाही, ते कागदासोबतच जाते. अभिक्रियेच्या शेवटी उत्प्रेरक होता तसा परत मिळतो, हे वाक्य या कारखान्यात फक्त कागदावर खरे आहे.

[दृश्य : हातमोजा घातलेले बोट, सिलिकोनवर उमटलेला ठसा. जवळून.]

प्लॅटिनमचा एक हट्टही आहे. गंधक, अमाइन किंवा टिनची संयुगे यांचा स्पर्श झाला की ते कामातून जाते. या नमुन्यावर लॅटेक्सच्या हातमोज्याचे बोट टेकले होते. भोवतीचा थर कोरडा आणि घट्ट आहे, बोटाचा ठसा तेवढा चिकट राहिला आहे, कारण लॅटेक्स पक्के करताना वापरलेल्या गंधकयुक्त रसायनांचा अंश तेथे उतरला.

[दृश्य : ऑप्टिकल फायबर ओढणारा मनोरा. निळसर प्रकाश.]

वरच्या भट्टीत सुमारे २००० अंशांना मऊ झालेली काच येथे १२५ मायक्रॉन जाडीच्या धाग्यात ओढली जाते, आणि तिला कशाचाही स्पर्श होण्याआधी ॲक्रिलेटचे दोन लेप चढतात, आतला मऊ आणि बाहेरचा कठीण. लेपांसह धाग्याची जाडी साधारण २५० मायक्रॉन होते. सेकंदाला वीस मीटर आणि त्याहून अधिक वेगाने खाली येणाऱ्या या धाग्याला उष्णता देत बसायला वेळच नसतो, म्हणून क्युअर होते ते अतिनील प्रकाशाने. प्रकाश पडताच लेपातील फोटोइनिशिएटरचे, म्हणजे प्रकाशाने अभिक्रिया सुरू करून देणाऱ्या रसायनाचे, रेणू तुटतात आणि त्यांचे तुकडे साखळी सुरू करतात. काटेकोर बोलायचे तर हे उत्प्रेरक नव्हेत, कारण ते स्वतः खर्ची पडतात. हवेतील ऑक्सिजन ही साखळी मध्येच तोडतो, म्हणून दिव्यांखालच्या नळीत नायट्रोजन सोडलेला असतो.

[दृश्य : मुखवटा घातलेला कामगार. डब्यावरील धोक्याची चिन्हे.]

आयसोसायनेटच्या वाफांनी दमा जडू शकतो, आणि डायब्युटिलटिनची संयुगे प्रजननक्षमतेला घातक मानली जातात. युरोपीय संघाने सर्वसामान्य ग्राहकांसाठीच्या वस्तूंमध्ये त्यांच्यावर १ जानेवारी २०१२ पासून टिनच्या वजनाने ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, आणि २४ ऑगस्ट २०२३ पासून डायआयसोसायनेट हाताळणाऱ्या कामगारांना प्रशिक्षण सक्तीचे केले.

[दृश्य : पुन्हा प्रयोगशाळा. दोन पेले शेजारी शेजारी.]

टिनच्या जागी आता बिस्मथ आणि जस्त यांची संयुगे घेतली जात आहेत. डावीकडच्या पेल्यात टिन आहे, उजवीकडच्या पेल्यात बिस्मथ. काडीला दोन्ही सारखीच जड लागतात, पण एवढ्यावर अदलाबदल पुरी होत नाही. बिस्मथच्या संयुगांना पाणी मानवत नाही. ओलावा शिरला की ती विघटित होऊन मंदावतात, त्यामुळे पाण्यात मिसळणाऱ्या लेपांत त्यांच्यावर विसंबता येत नाही आणि इतरत्रही कच्चा माल कोरडा ठेवावा लागतो. गुंडाळी रंगवणाऱ्या ज्या पॉलियुरेथेन लेपांत टिन होते, तेथे आयसोसायनेटही ओव्हनच्या उष्णतेपर्यंत बांधून ठेवलेले असते, आणि धातू बदलला की ते मोकळे होण्याचा क्षणही सरकू शकतो. मग ओव्हनच्या प्रत्येक टप्प्याचे तापमान नव्याने बसवावे लागते, आणि फडके आणि पट्टी घेऊन पहिल्या गुंडाळीपासून पुन्हा मोजणी सुरू होते.