खोडवा न ठेवणारा गवई

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या भागात ऊस तुटून गेला की रानात खोडकी राहतात. पाणी-खत दिलं की ती पुन्हा फुटतात. तो खोडवा. बेण्याचा आणि लावणीचा खर्च वाचतो, म्हणून सगळेच ठेवतात. दोन-तीन खोडव्यांनंतर मात्र ऊस बारीक पडायला लागतो आणि माझे थोरले बंधू म्हणतात, "आता नांगर घालायचा बघ." नील यंग या कॅनडाच्या गायकाचं नाव घेतलं की मला त्यांचं हे वाक्य आठवतं.

त्याची कॅसेट मी पहिल्यांदा ऐकली ती कॅम्पातल्या एका मित्राकडे. घरी आणून लावली. आमचे आबा भजनी मंडळातले, पखवाजावर हात असलेले. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, तरी दोन गाणी त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "गळा बारीक आहे, पण खोटा न्हाई." नील यंगच्या उंच, थरथरत्या आवाजाचं याहून नेमकं वर्णन मला आजवर सापडलेलं नाही.

जन्म 1945 चा, टोरांटोचा. पाच वर्षांचा असताना पोलिओ झाला. जीव वाचला, पण डावी बाजू कमजोर राहिली. पुढे ऐन भरात पाठ गेली. उभं राहून इलेक्ट्रिक गिटार पेलवेना, तेव्हा कमरेला पट्टा बांधून, बसून, साध्या गिटारवर त्याने बरीचशी गाणी केली. ती 1972 च्या 'हार्वेस्ट'मध्ये आली. हार्वेस्ट म्हणजे आपली सुगी. त्या वर्षी अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेला अल्बम तोच. त्यातली काही गाणी कॅलिफोर्नियात, त्याच्या शेतावरच्या कोठारात ध्वनिमुद्रित झाली. तिथली एक गोष्ट त्याचा साथीदार ग्रॅहम नॅश सांगतो. नीलने त्याला होडीतून शेतातल्या तळ्याच्या मध्यभागी नेलं. एका काठाला घर, त्यात लावलेल्या स्पीकरांतून डाव्या बाजूचं संगीत. दुसऱ्या बाजूला कोठार, त्यातून उजव्या बाजूचं. काठावरून कुणीतरी विचारलं, कसं वाटतंय? नील ओरडला, "कोठार वाढवा!"

एवढी सुगी झाल्यावर खोडवा ठेवायला कुणाची हरकत होती? लोकांना तेच हवं होतं. पुढे त्याने स्वतःच लिहिलं, त्याचा मथितार्थ असा : 'हार्वेस्ट'मधल्या 'हार्ट ऑफ गोल्ड' या गाण्याने मला रस्त्याच्या मधोमध आणून सोडलं, तिथे कंटाळा आला, म्हणून मी कडेच्या चरात उतरलो, तिथे हिसके जास्त बसले, पण माणसं जास्त रंजक भेटली. त्याच सुमारास नशेपायी त्याची दोन जवळची माणसं गेली. त्या दुःखात 1973 साली केलेली गाणी 1975 मध्ये बाहेर आली. आवाज फुटलेला, सूर कुठे कुठे सुटलेला. दुसरा कुणी असता तर पुन्हा गाऊन घासूनपुसून घेतलं असतं. त्याने तसंच राहू दिलं, आणि मला त्याचं सगळ्यात मोठं काम तेच वाटतं.

आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व इथे आठवल्यावाचून राहत नाहीत. क्षयाने गाठलं, पाच-सहा वर्षं गाणं बंद. देवासला अंथरुणावर पडून ते माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले. उठले ते नवं गाणं घेऊनच. बालपणीच्या कौतुकाचा खोडवा त्यांनीही ठेवला नाही.

नील यंगच्या मुलाला सेरेब्रल पाल्सीमुळे बोलता येत नव्हतं. 1982 च्या अखेरीस आलेल्या 'ट्रान्स'मध्ये त्याने आपलाच आवाज यंत्रातून घातला. शब्द धड कळत नाहीत, लोक वैतागले. मुलाशी संवाद साधण्याची ती धडपड होती. पुढच्या वर्षी त्याच्याच रेकॉर्ड कंपनीने त्याच्यावर खटला भरला : तुझी गाणी तुझ्यासारखी नाहीत! पुढे बोलू न शकणाऱ्या मुलांच्या शाळेसाठी 1986 पासून तीस वर्षं त्याने मैफली केल्या.

आणि 1985 चं 'फार्म एड'. कर्जात बुडालेल्या अमेरिकन शेतकऱ्यांसाठी विली नेल्सन, जॉन मेलनकॅम्प आणि नील यंग यांनी उभी केलेली मैफल. निपाणीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. 1981 साली तंबाखूच्या दरासाठी आपले शेतकरी महामार्गावर बसले होते, आणि गोळीबारात माणसं गेली होती. फार्म एडची मैफल त्यानंतरही भरत राहिली, आणि तो तिथे गात राहिला.

आता त्याचं 'ओल्ड मॅन' ऐकू या. पंचविशीच्या आसपास त्याने शेत विकत घेतलं, तेव्हा ते राखणाऱ्या म्हाताऱ्या गड्याला उद्देशून केलेलं हे गाणं. सुरुवातीला फक्त गिटार आहे. पुढे बँजो येईल, तो जेम्स टेलरने वाजवलाय. शब्द नाही कळले तरी चालेल. आबांनाही कळले नव्हते.