‘हो’ नसलेल्या भाषेच्या घरी

मंडळी, संयोजकांनी मला विषय दिला होता ‘माझा युरोप प्रवास’. मी म्हटलं, युरोप केवढा आणि माझे गुडघे केवढे! त्यापेक्षा मी एकाच दिवसाबद्दल बोलते. त्या दिवशी मी कुठेही गेले नाही.

जून 2023. माझी लेक आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात नोकरीला आहे. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर केरी परगण्यात, डिंगल द्वीपकल्पाच्या पार पश्चिम टोकाला. मैत्रीण म्हणाली, आईला दोन दिवस आमच्याकडे ठेवा. लेकीने मला गाडीने सोडलं आणि ती परत गेली. तिथे पोचल्यावर कळलं, या घरात उन्हाळ्यात डब्लिनकडची शाळकरी मुलं आयरिश शिकायला तीन-तीन आठवडे राहतात. त्या भागात घराघरांत आयरिश बोलतात, म्हणून. अशी मुलं सांभाळणाऱ्या गृहिणीला म्हणतात ‘बॅन अन टी’. आल्यापासून तासाभरात मला तीनदा चहा मिळाला होता, तेव्हा मी समजले, ‘टी’ म्हणजे चहा, ही चहावाली बाई. नंतर कळलं, त्यांच्या भाषेत ‘टी’ म्हणजे घराची. घरची बाई! माझा तर्क मात्र अगदीच चुकला होता असं मी आजही मानत नाही.

मैत्रिणीचे वडील निवृत्त शिक्षक, शाळेत आयरिश शिकवायचे. मी साताऱ्याला बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. त्यामुळे मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणू लागले. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर घरातही टोपी.

सकाळी बाहेर झिमझिम होती. चुलीत, म्हणजे लोखंडी शेगडीत, ‘टर्फ’ जळत होता. दलदलीतून विटांसारखी कापून काढलेली आणि वाळवलेली माती ती. तिचा वास गोवरीच्या धुराच्या जवळ जाणारा, पण जरा गोडसर. मी शेगडीपाशी बसले आणि दुपारपर्यंत उठलेच नाही. कुणी ‘काही बघायचंय का’ म्हणून विचारलं नाही, फिरायला न्यायची घाई केली नाही. बाई पाव भाजत होत्या, यीस्टऐवजी सोडा आणि ताक घालून. भाजायला ठेवण्याआधी वरून सुरीने फुलीसारखी चीर दिली. मास्तर रेडिओ ऐकत पेंगत होते.

मग बाईंनी विचारलं, “चहा घेणार का?” मी आपल्या सवयीने म्हटलं, “नको, आत्ताच झाला.” त्या ऐकल्या न ऐकल्यासारखं करून किटली भरायला गेल्या. मास्तरांनी एक डोळा उघडला. म्हणाले, “इथे पहिल्या नकाराला नकार धरत नाहीत.” मी म्हटलं, आमच्याकडेही. तिथून जी गट्टी जमली!

मास्तर म्हणाले, आयरिश भाषेत ‘हो’ला आणि ‘नाही’ला शब्दच नाही. चहा घेणार का, असं विचारलं तर ‘घेईन’ म्हणायचं. आलास का? ‘आलो.’ क्रियापदच परत करायचं. म्हणून आयरिश माणूस इंग्रजी बोलतानाही नुसतं ‘येस’ म्हणून थांबत नाही. मी सरसावून बसले. आपल्याकडे ‘हो’ आहे, पण ‘जेवलीस का?’ला कुणी नुसतं ‘हो’ म्हटलं की आपल्याला ते तुटक वाटतं. ‘जेवले’ म्हटलं की बरं वाटतं.

पुढे त्यांनी मला एक वाक्य शिकवलं, ‘टा ओक्रस ऑरम’. शब्दशः अर्थ, माझ्यावर भूक आहे. इंग्रज म्हणतो, मी भुकेला आहे. आयरिश माणसावर भूक येऊन बसते, आणि आपल्याला ती लागते. दुःखाचंही तसंच, ‘माझ्यावर दुःख आहे’. चूक झाल्यावर माफी मागतात तीही त्याच शब्दांत. आणि पैसे? त्यांच्या भाषेत ‘माझ्यापाशी’ असतात, आपल्याकडे ‘माझ्याकडे’. मालकी दाखवणारं, इंग्रजीतल्या ‘हॅव’सारखं क्रियापद दोन्ही भाषांना सुचलेलं नाही. फरक एवढाच की आयरिश लोक क्रियापद वाक्याच्या सुरुवातीलाच टाकून मोकळे होतात आणि आपण ते शेवटपर्यंत हातात धरून ठेवतो.

दुपारच्या जेवणात सालीसकट उकडलेले बटाटे. साली तडकून आतलं पीठ फुललेलं. ज्याने त्याने पानात सोलायचे, सालीला वेगळी बशी. मास्तरांनी एक बटाटा काट्यावर उचलून धरला आणि म्हणाले, “1845.” एवढंच. त्या वर्षी बटाट्यावर रोग पडला, आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथीने गेली. मग त्यांनी त्यावर लोणी घातलं आणि खाल्लं.

तुम्ही इथे व्याख्यानाला बसलात म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. मी टिळकांचं नाव काढलं. टिळकांनी ‘होमरूल’ हा शब्द यांच्याचकडून घेतला. बेळगावला होमरूल लीग उभी राहिली ती एप्रिल 1916 मध्ये, आणि डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्धचा ईस्टरचा उठावही त्याच महिन्यात. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी उलट मला विचारलं, “आमचा पंतप्रधान तुमच्याकडचा, ते गाव कुठे?” तेव्हा लिओ वराडकर पंतप्रधान होते. मी वर्तमानपत्राच्या कडेला कोकण काढून मालवणजवळ वराडचा ठिपका दिला. त्यांनी तो तुकडा फाडून टोपीत ठेवला.

दुपारनंतर उघडलं. भिंतीपलीकडे समुद्रात ग्रेट ब्लास्केट बेट दिसू लागलं. तिथली शेवटची माणसं 1953 साली सरकारने मुख्य भूमीवर आणली. मास्तर म्हणाले, त्या बेटावरच्या कोळ्यांनी आयरिशमध्ये लिहिलेली आत्मचरित्रं अजून वाचली जातात, बेट मात्र रिकामं. शाळेत सगळेच ही भाषा शिकतात, पण 2022 च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे निघाले सुमारे 72 हजार. आपल्या एका तालुक्यात याहून जास्त मराठी बोलतात. मी गप्प बसले. काय बोलणार?

रात्री दहा वाजले तरी अंगणात वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड होता. त्याच उजेडात लेक गाडी घेऊन आली. मुक्काम दोन दिवसांचा ठरला होता, पण तिची रजा बदलली. मी पिशवी उचलली. मास्तर दारापर्यंत आले. म्हणाले, “आमच्यात जाणाऱ्याने राहणाऱ्याला एक म्हणायचं आणि राहणाऱ्याने जाणाऱ्याला दुसरं. तुमच्यात निघताना काय म्हणतात?”

मी म्हटलं, “येते.”

“म्हणजे?”

अर्थ सांगितला. ते क्षणभर थांबले आणि आत वळून बाईंना मोठ्याने म्हणाले, “अगं, किटली ठेव. ही जात नाहीये, येतेय.”