समासातली पेन्सिल

मंडळी, विषय पत्रिकेवर आहेच: एवढी टीका होऊनही वादग्रस्त विज्ञानकथाकारांना वाचक का सोडत नाहीत? त्याकडे येतो, पण आधी हे पुस्तक बघा. अमेरिकन विज्ञानकथाकार रॉबर्ट हाइनलाइनचं 'स्टारशिप ट्रूपर्स', १९५९ सालचं. माझ्या मामांनी भुसावळ स्टेशनबाहेर जुन्यात घेतलेलं. कव्हर कधीच गेलं, पाठीला खाकी कागद खळीनं चिकटवलाय.

मामा गेल्यावर मी ते एका तालुक्याच्या वाचनालयाला भेट दिलं. आठ दिवसांत परत आलं, आत चिठ्ठी: 'लेखक लष्करशाहीचा पुरस्कर्ता.' तो राग अजून गेलेला नाही. आरोप बिनबुडाचा नाही. कादंबरीत ठरावीक सेवा पुरी करणाऱ्यालाच मताचा हक्क मिळतो आणि लेखक ती व्यवस्था मोठ्या प्रेमानं रंगवतो. फॅसिझमचा शिक्का तेव्हापासून बसलाय. त्याच पुस्तकाला १९६०चा ह्यूगो हा विज्ञानकथेतला मानाचा पुरस्कारही मिळाला. राग एवढ्याचाच, की चिठ्ठी लिहिणाऱ्यानं पानं उलटली नव्हती. उलटली असती तर तिथं मामा भेटले असते.

मामा सैन्यातून सुभेदार होऊन परतले. इंग्रजी बेताचं, शेजारी डिक्शनरी घेऊन बसायचे. मी कॉलेजात, नुकताच टीका वाचून शहाणा झालेलो. हिवाळ्यात मळ्यात भरिताचा बेत होता, पऱ्हाट्यांवर वांगी भाजताना मी म्हटलं, "मामा, हा माणूस हुकूमशाहीवाला आहे, कशाला वाचता?" वांग्याची साल काढता काढता ते म्हणाले, "भाच्या, तिसऱ्यांदा वाचतोय. जा, खाटेवरून घेऊन ये." मताच्या हक्काच्या पानावर समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: 'मग माझ्या मायचं काय?'

माझ्या आजीनं चाळीस वर्षं रावेरकडच्या मळ्यांतून केळीचे घड डोक्यावर वाहिले. ती सेवा कुठल्या रजिस्टरात लिहायची, हे मामांचं लेखकाशी भांडण. पण शस्त्रसज्ज चिलखत घालून उडी मारायच्या आधी सैनिकाच्या पोटात येणारा गोळा या माणसानं बरोबर पकडलाय, हेही ते त्याच दमात सांगत. नायकाची मातृभाषा टागालोग, म्हणजे फिलिपाइन्सची भाषा आहे, हे शेवटाकडे कळतं, तिथं त्यांनी दोन रेघा मारल्यात. आमच्या घरी लेवा बोली आणि पलटणीत हिंदी. मामांना ते ओळखीचं वाटलं असणार.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता पळत पळत.

विज्ञानकथाकार मत नुसतं सांगत नाही, त्या मतावर चालणारं अख्खं जग उभं करतो. त्या जगात शिरलं की चालून बघणारे आपण, मोडतं कुठे ते शोधणारेही आपणच. म्हणून भांडणारा वाचकच इथं जास्त टिकतो. व्हिएतनामहून परतलेल्या जो हाल्डमननं १९७४ साली 'द फॉरएव्हर वॉर' लिहिली. युद्धाहून परतलेल्या सैनिकाला आपली पृथ्वीच ओळखू येत नाही. हाइनलाइनला दिलेलं उत्तर म्हणूनच ती वाचली जाते. मूळ पुस्तक फडताळातून काढून टाकलं तर उत्तर कशाला दिलंय ते कळणार कसं?

दुसरं, मान आणि वाचन या दोन गोष्टी आहेत. विज्ञानकथा मासिकाचा नामवंत संपादक जॉन कॅम्पबेल, त्याचं नाव २०१९मध्ये नव्या लेखकांच्या पुरस्कारावरून काढलं, त्याच्या वर्णद्वेषी मतांमुळे. मला ते पटतं. भयकथाकार लव्हक्राफ्टचा मुखवटाही असाच वर्ल्ड फँटसी पुरस्काराच्या चिन्हावरून उतरला, तरी त्याच्या कथा वाचल्या जातातच. हयात लेखकाचं कोडं अवघड. २०१३मध्ये 'एंडर्स गेम'च्या सिनेमावर बहिष्काराची हाक आली, कारण मूळ कादंबरीचा लेखक ऑर्सन स्कॉट कार्ड याचा समलिंगी विवाहाला जाहीर विरोध. पैसे न देणाऱ्या वाचकाला मी दोष देणार नाही.

आणि आपल्याकडे नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. नाव झाकून कथा तपासली गेली, पहिली आली. यावर सविस्तर बोलायचं होतं, राहिलं.

हे पुस्तक टेबलावर ठेवतोय, नाव लिहून घेऊन जा. मामांची पेन्सिल खोडू नका. हाल्डमन मी मित्राकडून आणून वाचला होता. कुणाकडे प्रत असेल तर चहाला थांबा.