कांदा नका हुंगवू, आधी अंगावर पाणी ओता

नमस्कार मंडळी, पाणी प्यायलात का सकाळपासून? नसेल तर आधी ग्लासभर घ्या, मी आहे इथेच.

आपल्या नाशिककरांचा एक समज असतो बघा, की आपली हवा गार, ऊन लागतं ते तिकडे मालेगाव-जळगावला. थंडीत निफाडचा पारा बातम्यांत येतो ना. पण त्याच निफाडला एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि नेमकी तेव्हाच उन्हाळ कांद्याची काढणी जोरात असते.

दोन वर्षांपूर्वी माझी मावशी अशीच काढणीला गेली होती. काम उक्तं, जेवढं उरकेल तेवढे पैसे, त्यामुळे कोणी थांबत नाही, आणि वावरात बायांना जायला आडोसा नसतो म्हणून त्या पाणीच कमी पितात, हे कोणी बोलत नाही पण तसंच आहे. दुपारी दीडला मावशी पात कापता कापता थांबली आणि भलतंच बोलायला लागली, गाई सोडायच्यात म्हणे, आणि गाई विकून तर चार वर्षं झालेली! अंगाला हात लावला तर तवा. कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी चप्पल हुंगवली, कोणी गाडी बघायला पळालं, यात वीस मिनिटं गेली. शेवटी एका आजींनी मोटर चालू करायला लावली आणि पाईपच तिच्या अंगावर धरला. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या पाण्यामुळेच वाचली.

म्हणून सांगतेय, ऊन्हात माणूस बरळायला लागला, झोकांड्या जायला लागल्या, शुद्ध हरपली आणि अंग भाजतंय तर ती नुसती चक्कर नाही, उष्माघात आहे. शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर गेलं की मेंदूवर परिणाम होतो, आणि घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो बरं का. लगेच 108 ला फोन करा, सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, मानेला आणि काखेत ओली फडकी ठेवा, गाडी येईपर्यंत थांबू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका, ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही नको, हा ताप वेगळा, गोळीने उतरत नाही.

आणि तहान लागायची वाट बघू नका. ताक, पन्हं, लिंबू सरबत, काहीही चालेल. ओआरएसचं पाकीट असेल तर मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात घोळून पिऊ नका. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लघवी गडद पिवळी होतेय म्हणजे पाणी कमी पडतंय.

शेतकरी दादांना आणि मुकादमांना हात जोडून विनंती, काम पहाटेच सुरू करा, बारा ते तीन बायांना सावलीत बसू द्या. आणि बांधाला चार काठ्या रोवून एक जुनी साडी बांधा, आडोसा झाला की बाया आपोआप पाणी पितात. मावशीच्या टोळीत आता रोज बांधतात. साडी तिचीच आहे, हिरवी.