कोलोंबिए: फ्रान्सची ढाबळ

उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीत, व्हारांझव्हिल गावी, जाँ आंगोच्या वाड्याच्या चौकात एक गोल ढाबळ उभी आहे. फ्रेंचमध्ये तिला ‘कोलोंबिए’ म्हणतात, म्हणजे पारव्यांसाठी बांधलेलं घर. आंगो दिएप बंदरातला बडा जहाजमालक होता. सोळाव्या शतकात त्याने बांधून घेतलेल्या या मनोऱ्यावर विटा आणि दगडांची रंगीत नक्षी आहे. देखणी आहेच, पण असली ढाबळ समजते ती आत गेल्यावर.

भिंतभर कोनाडेच कोनाडे, सुमारे १,६००. एका कोनाड्याला ‘बुलँ’ म्हणतात आणि त्यात एक जोडी राहते. पक्षी आपल्या ओळखीचा आहे: जुन्या वाड्यांत, देवळांत घुमणारा पारवा.

मांसासाठी पिल्लं काढायला एवढे कोनाडे धुंडाळायचे कसे? अशा ढाबळींच्या मधोमध लाकडी खांब असे. खालचं टोक दगडी उखळीत, वरचं तुळईत. खांबातून निघालेल्या आडव्या दांड्यांना शिडी जोडलेली. माणूस शिडीवर चढून भिंतीला रेटा देई, खांब फिरे आणि पुढचे कोनाडे हाताशी येत. खाली उतरायला नको.

पारवी दोन अंडी घालते. अठराएक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि चार आठवड्यांची झाली की, उडायच्या आत, काढायची. उडू लागलेल्या पिल्लाचं मांस चिवट होतं. सगळीच काढली तर मात्र जुन्या जोड्यांची जागा घ्यायला कुणी उरत नाही आणि ढाबळ ओस पडते.

उंदरांना अडवायला भिंतीबाहेर दगडी कड काढलेली असते. दक्षिणेत, केर्सी भागात, ढाबळी चार खांबांवर उभ्या दिसतात. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर टोपीसारखा रुंद दगड. खांब चढून आलेल्या उंदराला त्याखालून उलटं लटकून पुढे जाता येत नाही. पण भिंतीला झाडाची एक फांदी टेकली, तर हा सगळा खटाटोप वाया.

मांसाइतकंच मोल खताला होतं. विष्ठा खरवडून, वाळवून, कुटून द्राक्षमळ्यांत आणि भाजीच्या वाफ्यांत हात राखून टाकत. ताजी टाकली तर रोपं करपतात.

आणि हे सगळं पिकत होतं शेजाऱ्याच्या दाण्यावर. हिवाळ्यातले थोडे दिवस सोडले तर मालक पारव्यांना फारसं खायला घालत नसे. ते पेरलेल्या शेतांत उतरत. नॉर्मंडीत अशी स्वतंत्र ढाबळ बांधण्याचा हक्क सरदार-जमीनदारांचा, आणि त्यांच्या पारव्याला कुळाने मारायचं नाही. पेरलेलं बी डोळ्यांदेखत जाताना पाहायचं! ही चीड खरी होती आणि रास्तही.

४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री पॅरिसजवळच्या व्हर्सायमध्ये राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्कांवर घाव घातला. त्यानंतरच्या हुकुमात ढाबळीचा खास हक्क नावानिशी रद्द झाला. गावाने ठरवलेल्या दिवसांत पारवे कोंडून ठेवायचे. त्या काळात जो शेतात उतरेल तो शिकार करण्याजोगा पक्षी, आणि ज्याची जमीन त्याला तो मारता येईल.

म्हणजे त्या दिवसांत ढाबळीची झडप बंद, आणि आतल्या पारव्यांना दाणे मालकाच्याच कोठारातले.