जुन्या घरात एसी बसवताय? आधी मीटर बघा

[टेबलावर चिनी मातीचा जुना फ्यूज. हातात उचलून कॅमेऱ्यासमोर.]

हे ओळखलंत? वायरमन लोक याला किटकॅट म्हणतात. आत तार असते, लोड वाढला की ती वितळते आणि लाइट जातो. हा माझ्या आत्याच्या घरातला. आतली तार कितीची होती म्हणाल, तर घरात त्या वेळी जी सापडली ती.

आत्याने एसी घेतला. खोकं घरी आलं, दुसऱ्या दिवशी फिटिंगवाला आला. त्याने बोर्ड उघडला, हा फ्यूज बघितला आणि म्हणाला, "काकू, आधी हे सगळं बदलून घ्या, मग मला बोलवा." तीन आठवडे ते खोकं हॉलमध्ये पडून होतं. आत्या त्यावर वर्तमानपत्रं ठेवायची.

तर आजचा विषय हा. मशीनची किंमत दुकानात लिहिलेली असते, पण जुन्या घरात एसी बसवायचा खर्च दुकानात कळत नाही. तो तुमच्या मीटरच्या पेटीत असतो, भिंतीत असतो आणि छपरात असतो. मी रुपयांचे आकडे देणार नाहीये, ते गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात. खर्च कुठे कुठे लपलेला असतो तेवढं दाखवतो. आकडे तुमचा माणूस सांगेल, तुम्हाला फक्त विचारता आलं पाहिजे.

[बोर्डाचं जवळून दृश्य.]

सुरुवात विजेपासून, कारण सगळ्यात मोठा धक्का इथेच बसतो.

दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला की साधारण दीड ते पावणेदोन किलोवॅट वीज ओढतो. २३० व्होल्टवर हे झाले ७-८ अँपिअर. आकडा तसा फार मोठा नाही. पण जुन्या पद्धतीचा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला (वेग कमी-जास्त न करता एकदम पूर्ण जोरात फिरणारा) कॉम्प्रेसर, म्हणजे एसीतला गॅस दाबणारा पंप, सुरू होताना क्षणभर याच्या कितीतरी पट करंट घेतो. आणि चालू झाला की तासन् तास चालतो. जुन्या घरात एकच वायर दिव्याला, पंख्याला आणि प्लगला फिरवलेली असते, तिने हा भार उचलावा अशी कुणी कल्पनाच केलेली नसते.

त्यात ती वायर ॲल्युमिनियमची असेल तर जास्तच जपा. ॲल्युमिनियम तापलं की तांब्यापेक्षा जास्त फुगतं, गार झालं की आक्रसतं. असं रोज होत राहिलं की स्क्रूखालचा जोड सैल पडतो. वर त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, त्यातून वीज नीट जात नाही. मग जोड तापतो. आग बहुतेक वेळा अशा जोडापाशीच लागते. आणि तो जोड लाकडी पट्टीच्या आत असेल तर तुम्हाला वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून एसीला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी. साधारण ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा स्वतःचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, फ्यूजच्या जागी बसतो तो) आणि खरं, चालू असलेलं अर्थिंग. नुसतं तीन भोकांचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नका. जुन्या घरांत तिसऱ्या भोकाच्या मागे पुष्कळदा काहीच जोडलेलं नसतं. वायरमनला मोजून दाखवायला सांगा.

इथे एक तळतळून सांगतो. एमसीबी सारखा पडतोय म्हणून कुणी "मोठा टाकून देतो" म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. एमसीबी वायरला वाचवायला असतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला, की वाचवणारा झोपला.

या लाइनचा खर्च ठरतो अंतरावर. मीटर पुढच्या ओट्यावर आणि झोपायची खोली सगळ्यात मागे, हे जुन्या घरात नेहमीचंच. मधल्या प्रत्येक मीटरला फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन वायरी, वर पाइप, वर मजुरी. शिवाय वीज कंपनीकडे तुमच्या नावावर मंजूर असलेला भार जुनाच, अगदी कमी असेल, तर तो वाढवून घ्यावा लागतो. बिलावर तो छापलेला असतो, आजच बघा.

[जाड भिंतीतल्या खिडकीत बसून.]

आता भिंत. ही बघा, दीड हात जाड आहे. नळ्या, वायर आणि पाण्याचा पाइप बाहेर न्यायला साधारण ६५ मिलिमीटरचं भोक लागतं, आणि ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं, नाहीतर पाणी उलटं घरात. विटेच्या भिंतीत हे काम सोपं. दगडी भिंतीत कोअर कटिंगचं मशीन आणावं लागतं, त्याचे पैसे वेगळे. छिन्नी-हातोड्याने दगड फोडायला लागलात, तर भोकाबरोबर आजूबाजूचा गिलावाही खाली येईल.

बाहेरचं युनिट ३० किलोच्या आसपास, कधी त्याहून जड. वर ते थरथरतं. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीत अँकर बोल्ट पकड धरत नाही. पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, पण थरथर रोजची असते. शंका असेल तर युनिट सरळ जमिनीवर, सिमेंटच्या ठोकळ्यावर बसवा. मात्र मग तांब्याची नळी लांबते. मशीनबरोबर बहुतेकदा ३ मीटरच्या आसपास नळी मिळते. पुढची मीटरच्या हिशोबाने, आणि नळी बरीच लांबली तर गॅसही वाढवावा लागतो. आत्याच्या घरी आम्ही हेच केलं. नळीचे पैसे गेले, पण त्या भिंतीवर लोखंड टांगायचा माझा जीव झाला नाही.

[छताकडे कॅमेरा.]

मशीन किती टनाचं घ्यायचं, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. टन हा शब्द बर्फाच्या धंद्यातून आलाय. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खेचून घेण्याची ताकद म्हणजे १ टन. साडेतीन किलोवॅट. दुकानदार खोलीची लांबी-रुंदी विचारतो, उंची विचारत नाही. १२ बाय १० ची खोली १० फूट उंच असेल तर १२०० घनफूट हवा. तीच १३ फूट उंच असेल तर १५६०, म्हणजे ३० टक्के जास्त.

पण माझ्या मते उंचीपेक्षा छप्पर आणि फटी जास्त खातात. वर कौलं किंवा पत्रा, दारांच्या चौकटी वाकलेल्या, भिंतीत झरोके. अशा खोलीत दोन टनाचं मशीनही अंगण गार करत बसतं. फटींना रबराची पट्टी, झरोक्याला काच, छताखाली उष्णतारोधक थर आणि सीलिंग. यातलं पट्टीचं काम तर जवळपास फुकटात होतं. हे आधी करा, मग टन मोजा. पुष्कळदा लहान मशीन पुरतं, आणि ते फक्त विकत घेताना नाही, दर महिन्याच्या बिलातही लहानच राहतं. गरजेपेक्षा मोठं घेतलंत तर हवा पटकन गार होते, मशीन लगेच थांबतं, आणि ओल खोलीतच राहते. गार पण चिकट.

फिरतं, चाकांवरचं मशीन चालेल का? बसवायचा खर्च नाही हे खरं. पण एका नळीचं मशीन खोलीतली हवा बाहेर फेकतं, आणि तेवढीच गरम हवा फटींतून आत येते. जुन्या घरात फटींना तोटा नाही. खिडकीतला एसी त्यापेक्षा बरा, फक्त लाकडी चौकट किडलेली नाही ना ते टोचून बघा.

फिटिंगच्या दिवशी एकच प्रश्न विचारा, व्हॅक्यूम पंप आणलाय का? नळीतली हवा आणि ओल पंपाने खेचून काढावी लागते. थोडा गॅस सोडून हवा हाकलायची पद्धत झटपट आहे, पण आत राहिलेली ओल कॉम्प्रेसर खाते. आजकाल आर-३२ गॅस सर्रास असतो, तो थोडा ज्वालाग्राही आहे. त्यामुळे तो खोलीत किंवा हवेत सोडणं आणखीच वाईट.

[पुन्हा फ्यूज हातात.]

आत्याच्या घरी शेवटी हिशोब झाला तेव्हा मशीनखालोखाल आकडा वायरिंगचा होता. तिने यादी दोनदा वाचली आणि म्हणाली, "अरे, म्हणजे मी एसी घेतला की घर दुरुस्त केलं?" मी म्हटलं, दोन्ही. छताचं काम तिने पुढे ढकललंय. ते झालं की त्याच खोलीत, त्याच वेळेला, आधीचं आणि नंतरचं मीटरचं रीडिंग घेऊन येतो.